एकफलकी संगणक व व्हिडिओ कॅप्चर बोर्ड यांच्या साहाय्याने व्हीएचएस चित्रफितींचे अंकीकरण : तत्त्व, जुळणी व पडताळणी

सारांश

महाविद्यालयांच्या विविध विभागांत व ग्रंथालयांत १९८० व १९९० च्या दशकांतील व्हीएचएस चित्रफिती मोठ्या संख्येने पडून आहेत. क्षेत्रभेटी, व्याख्याने, लोककलांचे प्रयोग व मुलाखती यांचे हे चित्रण बहुधा एकमेव प्रतीच्या स्वरूपात असते. फितींची झीज होत आहे आणि त्या वाचणारी यंत्रेही आता उत्पादनात नाहीत. प्रस्तुत लेखात एकफलकी संगणक, त्यास जोडावयाचा कॅप्चर बोर्ड व मुक्त संगणकप्रणाली यांच्या आधारे या चित्रफितींचे अंकीकरण कसे करावे याचे विवेचन केले आहे. यंत्राची निवड किमतीवरून वा जाहिरातीतील दाव्यांवरून न करता साध्या आकडेमोडीवरून करावी, तसेच पूर्ण झालेल्या कामाची पडताळणी चौकटींच्या मोजणीने करावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : एकफलकी संगणक, कॅप्चर बोर्ड, व्हीएचएस, पाल प्रणाली, अंकीकरण, जतन.

१. प्रस्तावना

जपानमधील जेव्हीसी या कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धती बाजारात आणली. भारतात १९८२ साली दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणीचा आरंभ झाला आणि त्यानंतरच्या काळात व्हीसीआर हे यंत्र घरोघरी व संस्थांमध्येही पोहोचले. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. उच्च शिक्षणात दृक्‌श्राव्य माध्यमाला त्यामुळे एक प्रतिष्ठा लाभली. अनेक महाविद्यालयांनी याच सुमारास व्हीसीआर व कॅमेरे खरेदी केले आणि विभागांनी आपापल्या उपक्रमांचे चित्रण करण्यास प्रारंभ केला.

या चित्रणाचे आजचे स्वरूप चिंताजनक आहे. जपानच्या फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले आणि त्याबरोबर या यंत्राच्या नव्या उत्पादनाचा शेवट झाला. युनेस्कोच्या ‘इन्फर्मेशन फॉर ऑल’ या कार्यक्रमाने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी सावधानतेचा इशारा देणारा प्रकल्प हाती घेतला. २०२५ च्या सुमारास फिती नियमितपणे वाचण्याची सोय संपुष्टात येऊ लागेल, हा तज्ज्ञांचा अंदाज त्यामागे होता. ती कालमर्यादा आता आपण गाठली आहे. आज आपल्याजवळ जे यंत्र चालू अवस्थेत आहे, तेच कदाचित शेवटचे ठरेल, असे गृहीत धरूनच या कामाचे नियोजन करणे इष्ट होय.

प्रस्तुत लेखकाच्या विभागातील एका कपाटात अशा चित्रफिती होत्या. त्यांतील काही १९९० च्या दशकातील क्षेत्रभेटींत चित्रित केलेल्या असून त्यांत गाणारे काही कलावंत आज हयात नाहीत. त्यांच्या अंकीकरणाचा पहिला प्रयत्न फसला आणि त्यात एका फितीचे नुकसानही झाले. त्या अपयशाची कारणे शोधताना जे ज्ञात झाले, ते अन्य विभागांना उपयुक्त ठरावे, हा या लेखनामागील हेतू आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) चित्रसंकेताचे अंकांत रूपांतर होताना नेमके काय घडते हे स्पष्ट करणे.
(२) एकफलकी संगणकाची व कॅप्चर बोर्डाची निवड कोणत्या निकषांवर करावी हे सांगणे.
(३) जुळणीतील टप्पे व त्यांत संभवणाऱ्या चुका निदर्शनास आणून देणे.
(४) तयार झालेल्या फाईलची पडताळणी व जतन यांची पद्धती सुचविणे.

विवेचनासाठी रास्पबेरी पाय या संगणकाचे उदाहरण घेतले आहे. व्हीएचएस फितींच्या अंकीकरणावर येथे भर असून एचडीएमआय संकेताचा विचार तुलनेपुरता केला आहे.

३. संकेत आणि त्याचे मोजमाप

भारतात स्वीकारलेल्या पाल प्रणालीत एक चित्रचौकट ६२५ रेषांची असते व सेकंदाला अशा २५ चौकटी प्रक्षेपित होतात. ६२५ पैकी ५७६ रेषांतच प्रत्यक्ष चित्र असते. प्रत्येक चौकट दोन अर्धचौकटींत विभागलेली असते. एकीत विषम क्रमांकाच्या रेषा व दुसरीत सम क्रमांकाच्या रेषा असतात. अशा ५० अर्धचौकटी दर सेकंदाला एकामागून एक येतात. या दोन अर्धचौकटी एकाच क्षणाच्या नसतात, त्यांच्यात एकपन्नासांश सेकंदाचे अंतर असते. संगणकाच्या पडद्यावर धावणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात त्या यामुळेच. तो फितीचा दोष नव्हे.

हा अखंड विद्युत्‌संकेत अंकांत कसा बदलावा याचे आंतरराष्ट्रीय मानक १९८२ मध्ये निश्चित झाले. त्यानुसार संकेताचे नमुने सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा घेतले जातात. पाल प्रणालीतील एक रेषा ६४ मायक्रोसेकंदांची असल्याने एका रेषेत ८६४ नमुने बसतात व त्यांतील ७२० नमुने दृश्य चित्राचे मानले जातात. याप्रमाणे ७२० गुणिले ५७६ चित्रबिंदू हे परिमाण सिद्ध होते. रंगविषयक माहिती प्रकाशमानतेच्या निम्म्या दराने घेतली जाते. या रचनेला ४:२:२ असे म्हणतात व तीत प्रत्येक चित्रबिंदूस सरासरी २ बाइट लागतात.

यावरून सर्वांत महत्त्वाचा आकडा काढता येतो. ७२० × ५७६ × २ × २५ म्हणजे सेकंदाला २,०७,३६,००० बाइट, अर्थात सुमारे २०.७ मेगाबाइट. एका तासाला ही माहिती ७४.६ गिगाबाइट होते आणि तीन तासांच्या कॅसेटसाठी सुमारे २२४ गिगाबाइट. पुढील सर्व निर्णय या एका आकड्याशी निगडित आहेत.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. व्हीएचएस फितीची आडवी स्पष्टता अवघी २४० रेषांच्या आसपास असते आणि तिच्यावर रंग सुमारे ६२७ किलोहर्ट्झ इतक्या खालच्या वारंवारतेवर आणून नोंदविलेला असतो. मग ७२० नमुने घेण्याची आवश्यकता काय? याचे उत्तर असे की, मूळ संकेत जितका अशक्त, तितके त्याचे मोजमाप काळजीपूर्वक करावे लागते. मोजमापातच काटकसर केल्यास फितीवरील उणिवेत आपल्या उणिवेची भर पडते व पुढे ती वेगळी काढता येत नाही.

४. एकफलकी संगणकाची निवड

रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढ्या आकाराचा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्याची किंमत ३५ डॉलर होती. अध्यापनाचे साधन म्हणून त्याची निर्मिती झाली असली, तरी अल्प वीजवापर व लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीचा पाठिंबा यांमुळे तो सतत चालणाऱ्या एकाच कामासाठी विशेष सोयीचा ठरतो. विभागातील नेहमीचा संगणक तीन-तीन तास अडकवून ठेवण्यापेक्षा या कामाला असे स्वतंत्र यंत्र देणे व्यवहार्य होय.

परंतु त्याच्या सर्व आवृत्त्या या कामास सारख्याच योग्य नाहीत. तिसऱ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये चारही यूएसबी जोडण्या व नेटवर्कची जोडणी मिळून एकाच यूएसबी २ मार्गावर अवलंबून असतात. कॅप्चर बोर्डाकडून सेकंदाला २०.७ मेगाबाइट आत येणार आणि तितकेच डिस्ककडे बाहेर जाणार, म्हणजे एकंदर ४१ मेगाबाइटहून अधिक वाहतूक त्या एकाच मार्गावरून व्हावयास हवी. यूएसबी २ चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला, तरी प्रत्यक्षात ३५ ते ४० मेगाबाइटपलीकडे तो क्वचितच जातो. परिणामी अधूनमधून चौकटी गळतात. त्या गळल्याची सूचना पडद्यावर उमटेलच असे नाही आणि हीच यातील खरी अडचण आहे.

जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ मध्ये ही अडचण दूर झाली. त्यात दोन यूएसबी ३ जोडण्या आहेत. कॅप्चर बोर्ड यूएसबी २ च्या जोडणीत व एसएसडी यूएसबी ३ च्या जोडणीत लावल्यास दोहोंची वाहतूक भिन्न मार्गांनी होते. २०२३ मध्ये आलेला पाय ५ गणनशक्तीत याहून बराच पुढे आहे, परंतु पाय ४ मध्ये असलेली एच.२६४ संकोचनाची यांत्रिक सोय त्यात वगळण्यात आली आहे. जतनासाठीच्या प्रतीला या सोयीची गरज नसल्याने पाय ४ व पाय ५ हे दोन्ही संगणक या कामास पुरेसे ठरतात. केवळ नवीन आहे म्हणून अधिक खर्च करण्याचे कारण नाही.

एका पायला दोन कॅप्चर बोर्ड जोडून काम निम्म्या वेळात उरकावे, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि असे बोर्ड आपली माहिती ठराविक कालांतराने, प्रत्येक सूक्ष्मकालखंडात कमाल ३,०७२ बाइट अशा राखीव पद्धतीने पाठवितात. एक सूक्ष्मकालखंड ७,५०० बाइटचा असतो व त्यातील ८० टक्के, म्हणजे ६,००० बाइट एवढाच भाग अशा राखीव वाहतुकीस मिळतो. दोन बोर्डांस ६,१४४ बाइट लागतात, म्हणजे दुसरा बोर्ड थोडक्यासाठी का होईना, बसत नाही. पाय ४ मधील चारही जोडण्यांची यूएसबी २ वाहतूक एकाच अंतर्गत मार्गाने जात असल्याने जोडणी बदलूनही उपयोग होत नाही. एक यंत्र, एक कॅसेट हा नियम पाळणे श्रेयस्कर.

५. कॅप्चर बोर्डाची निवड

बाजारात ‘ईझीकॅप’ किंवा तत्सम नावाने मिळणारे छोटे यूएसबी कॅप्चर बोर्ड बाहेरून एकसारखे दिसतात. त्यांच्या आतील चिप मात्र भिन्न असू शकते. सिंटेक कंपनीची एसटीके११६० ही चिप असल्यास तिचा ड्रायव्हर डिसेंबर २०१२ च्या लिनक्स ३.७ या आवृत्तीपासून कर्नेलमध्येच समाविष्ट आहे. फुशिकाई कंपनीची यूटीव्ही००७ व एम्पिया कंपनीची ईएम२८६० या चिपांसाठीही कर्नेलमध्ये ड्रायव्हर उपलब्ध आहेत. याउलट सोमॅजिक कंपनीच्या चिपेस सुरुवातीला स्वतंत्र फर्मवेअर पुरवावे लागते व तिचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये नाही.

प्रस्तुत लेखकाच्या विभागाने एकाच विक्रेत्याकडून, एकाच दिवशी, एकाच रंगाच्या खोक्यातील दोन बोर्ड घेतले. त्यांत दोन निरनिराळ्या चिपा निघाल्या. खोक्यावरील मजकूर दोहोंवर एकच होता. यास्तव खरेदीपूर्वी परत करण्याची सोय आहे काय हे विचारावे आणि बोर्ड हाती येताच ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा देऊन उत्पादकाचा ओळखक्रमांक पाहावा. खोक्यावरील नावापेक्षा हा क्रमांक विश्वसनीय होय.

येथे एचडीएमआय कॅप्चर बोर्डाचाही विचार करणे प्राप्त आहे, कारण व्हीसीआरचा संकेत एका परिवर्तकाद्वारे एचडीएमआयमध्ये बदलून मग तो कॅप्चर करावा असा सल्ला अनेकदा दिला जातो. स्वस्त यूएसबी २ एचडीएमआय बोर्डांवर १९२० × १०८० असे परिमाण मोठ्या अक्षरांत छापलेले असते. या परिमाणात २०,७३,६०० चित्रबिंदू येतात. ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० चित्रबिंदूंच्या ते बरोबर पाचपट आहेत. अर्थात ज्या मार्गावरून पाल चित्राच्या सेकंदाला २५ चौकटी जातात, त्याच मार्गावरून या मोठ्या चित्राच्या केवळ ५ चौकटी जाऊ शकतात. उर्वरित गती बोर्ड स्वतःच चित्राचे संकोचन करून साधतो व त्यात तपशील गमावला जातो. शिवाय परिवर्तकाने दोन अर्धचौकटी आपल्या पद्धतीने एकत्र केलेल्या असतात, त्या पुन्हा विलग करता येत नाहीत. जुन्या फितींसाठी हा मार्ग म्हणूनच टाळावा.

डिजिटल कॅमेऱ्याद्वारे वर्गातील व्याख्यानाचे थेट चित्रण करावयाचे असेल, तर मात्र पायच्या कॅमेरा जोडणीत बसणारा, तोशिबाच्या टीसी३५८७४३ या चिपेवर आधारित बोर्ड उपयुक्त ठरतो. पाय ४ च्या कॅमेरा जोडणीत माहितीचे दोन मार्ग असतात व या रचनेत प्रत्येकाची क्षमता सेकंदाला सुमारे ९७२ मेगाबिट मिळते. १९२० × १०८० परिमाणाच्या ५० चौकटी १६ बिटांत पाठविण्यास सुमारे १,६५९ मेगाबिट लागतात, ते त्यात सामावतात. मात्र २४ बिटांच्या रंगरचनेत हीच गरज २,४८८ मेगाबिट होते व चित्र येत नाही. हा बोर्ड सुरू केल्यावर प्रथम त्यास ईडीआयडी, म्हणजे आपण कोणते परिमाण स्वीकारू शकतो याची यादी पुरवावी लागते. ती पुरविली नाही तर कॅमेऱ्यास समोर कोणी ग्राहक आहे हेच कळत नाही आणि बोर्ड बिघडला असा गैरसमज होतो. तसेच या चिपेतून येणारा ध्वनी वेगळ्या तारांनी संगणकास जोडावा लागतो.

६. जुळणीचे टप्पे

६.१ वीज व साठवण. पाय ४ ला ५ व्होल्ट व ३ अँपिअर क्षमतेचा वीजपुरवठा लागतो. त्याच्या चारही यूएसबी जोडण्यांना मिळून १.२ अँपिअरच उपलब्ध असतात. एसएसडी व कॅप्चर बोर्ड दोन्ही त्यावरच चालविल्यास लेखनाच्या वेळी विद्युत्‌दाब घसरण्याचा संभव असतो. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यास पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह उमटते. ते एकदा जरी दिसले, तरी त्या वेळचे चित्रण संशयित मानावे. एसएसडीला स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या हबमधून जोडणे हा यावरील सोपा उपाय आहे. चिपेचे तापमान ८० अंश सेल्सिअसला पोहोचताच पाय आपला वेग कमी करतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पंखा आवश्यक ठरतो. भारनियमनाच्या भागात यूपीएसशिवाय काम सुरू करू नये, कारण वीज गेल्याने फीत मध्येच अडकल्यास हानी फाईलची नव्हे, तर मूळ फितीची होते.

चित्रण मेमरी कार्डावर करू नये. डिस्कची मांडणी एक्स्ट४ या पद्धतीची असावी. बाजारातून आणलेली डिस्क फॅट३२ पद्धतीची असल्यास तीत एका फाईलची मर्यादा ४ गिगाबाइट असते आणि आपल्या दराने ती २०७ सेकंदांत, म्हणजे सुमारे साडेतीन मिनिटांत संपते. दर वेळी साडेतीन मिनिटांनीच काम थांबत असेल, तर दोष कॅप्चर बोर्डाचा नाही हे यावरून ओळखावे.

६.२ प्रणालीची निश्चिती. बोर्ड जोडल्यावर लिनक्समध्ये ‘व्हिडिओ०’ नावाचे उपकरण दिसू लागते. ‘व्ही४एल२-सीटीएल’ या आज्ञेने त्यास दोन गोष्टी सांगाव्या लागतात : चित्र कोणत्या जोडणीतून येणार आहे आणि प्रणाली कोणती आहे. सामान्य व्हीएचएस यंत्रात पिवळ्या रंगाची कंपोझिट जोडणी असते. एस-व्हीएचएस यंत्र उपलब्ध असल्यास एस-व्हिडिओ जोडणी वापरावी, कारण तीत प्रकाशमानता व रंग वेगवेगळ्या तारांनी येतात.

दुसऱ्या गोष्टीकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. एसटीके११६० चा ड्रायव्हर आरंभी अमेरिकेतील एनटीएससी प्रणाली गृहीत धरतो. तीत ५२५ रेषा व सेकंदाला २९.९७ चौकटी असतात. पाल फीत या स्थितीत लावल्यास रंग नाहीसा होतो व चित्र वरखाली सरकत राहते. आमच्या विभागात नेमके हेच झाले. चित्र असे दिसू लागताच सर्वांचा संशय फितीवर आला. ती काढून पुन्हा लावणे, मागे-पुढे फिरविणे, ट्रॅकिंग बदलणे असे प्रकार दुपारभर चालले. अखेरीस फितीची एक कड यंत्रात चुरगळली व त्या ठिकाणचे काही सेकंदांचे गायन कायमचे गेले. संगणकाला पाल हा एक शब्द सांगितला असता, तर हे घडले नसते. तेव्हा संगणकाची सिद्धता पूर्ण होईपर्यंत महत्त्वाची फीत यंत्रात घालू नये आणि चाचणीसाठी नेहमी बिनमहत्त्वाची फीत किंवा डीव्हीडी प्लेअर वापरावा. अमेरिकेतील आप्तांकडून वा पाहुण्यांकडून आलेल्या कॅसेटी मात्र खरोखरच एनटीएससी असू शकतात, हेही ध्यानात असावे.

६.३ पातळीची निश्चिती. अंकीय चित्रात प्रकाशमानतेसाठी १६ ते २३५ या मर्यादा ठरलेल्या आहेत. कॉन्ट्रास्ट अधिक ठेवल्यास पांढरा भाग सपाट होतो. चित्रातील पांढऱ्या धोतराच्या चुण्या दिसत आहेत काय, ही त्याची सोपी परीक्षा होय. चित्र मूळ फितीपेक्षा ‘छान’ दिसावे म्हणून या टप्प्यावर फेरफार करू नयेत. ते नंतरच्या प्रतीत करता येतात. चित्राच्या तळाशी दिसणारी काही रेषांची थरथर ही व्हीसीआरच्या एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे होणाऱ्या संक्रमणामुळे असते. तिचा दोष बोर्डाकडे नाही.

६.४ ध्वनी. ध्वनी हा संगणकास स्वतंत्र ध्वनिकार्डाच्या रूपाने दिसतो व चित्रण करताना त्याची निवड वेगळी करावी लागते. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट व दोन मार्ग ही रचना पुरेशी आहे. तिला तासाला सुमारे ०.७ गिगाबाइट लागतात, म्हणून ध्वनीचे संकोचन करण्याचे प्रयोजन नाही. चित्र व ध्वनी यांची घड्याळे भिन्न असल्यास फरक साचत जातो. हा फरक दहा हजारांत एक इतका अल्प धरला, तरी तीन तासांच्या अखेरीस तो एका सेकंदाहून अधिक होतो आणि ओठ व आवाज यांचा मेळ सुटतो. यासाठी आरंभी व अखेरीस टाळी किंवा ढोलकीची थाप असा एखादा सुस्पष्ट क्षण निवडून मेळ तपासावा.

६.५ प्रत्यक्ष चित्रण. ‘एफएफएमपेग’ या मुक्त प्रणालीने चित्र कोणतेही संकोचन न करता एसएसडीवर उतरवून घ्यावे. अर्धचौकटी एकत्र करण्याचा मोह टाळावा. चित्रण पूर्ण झाल्यावर, फीत यंत्राबाहेर काढल्यावर, तीच फाईल एफएफव्ही१ या दोषविरहित संकोचनपद्धतीत बदलावी. या पद्धतीत एकही बिट गमावला जात नाही व फाईल साधारणतः मूळ आकाराच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही लहान होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे विवरण अधिकृतपणे प्रसिद्ध झाल्याने भविष्यात तिचे वाचन कोणा एका कंपनीवर अवलंबून राहणार नाही. विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी एच.२६४ पद्धतीची लहान प्रत वेगळी करावी. सेकंदाला २ मेगाबिट दराने ती तासाला सुमारे ०.९ गिगाबाइट होते. अर्धचौकटींचे एकत्रीकरण याच प्रतीत करावे.

७. पडताळणी

फाईल तयार झाली व ती पडद्यावर चालू लागली, म्हणजे काम झाले असे समजण्याची प्रवृत्ती असते. ती योग्य नव्हे. पाल प्रणालीत एका तासात ९०,००० चौकटी असावयास हव्यात. तासाभराच्या चित्रणात ८९,६४० चौकटी आढळल्या, तर ३६० चौकटी, म्हणजे १४.४ सेकंदांचे चित्र गळले आहे. नुसत्या डोळ्यांना ही गळती जाणवत नाही, कारण ती ठिकठिकाणी विखुरलेली असते. म्हणून प्रत्येक फाईलच्या चौकटी मोजून त्या घड्याळाच्या वेळेशी ताडून पाहाव्यात व दोन्ही आकडे नोंदवहीत लिहावेत. फितीवर कोरा भाग असल्यास बोर्डाची लय तेथे तुटू शकते. अशा ठिकाणी चित्रण दोन भागांत घेणे सोयीचे असते.

चौकटींची संख्या जुळल्यावर फाईलचा एसएचए-२५६ पद्धतीचा तपासणी-अंक काढून ठेवावा. पुढे प्रत करताना किंवा दरवर्षी एकदा हा अंक पुन्हा काढून पूर्वीच्या अंकाशी जुळतो काय ते पाहावे. ग्रंथालयातील वार्षिक ग्रंथमोजणीसारखीच ही शिस्त आहे. किमान दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर मिळून तीन प्रती असाव्यात व त्यांतील एक प्रत वेगळ्या इमारतीत असावी.

८. फीत, हक्क व नोंदी

तंत्र कितीही निर्दोष असले, तरी फीत वाचण्याजोगी असणे ही पहिली अट आहे. कोकणासारख्या दमट हवेत फितीच्या वेटोळ्यावर पांढरी बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून अशी बुरशी दिसल्यास ती कॅसेट यंत्रात घालू नये. एका बुरशीयुक्त फितीने यंत्राचे हेड दूषित होते आणि त्यानंतरच्या प्रत्येक फितीस तो संसर्ग पोहोचतो. निरोगी फितीही चित्रणापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा आरंभापर्यंत मागे सावकाश गुंडाळून घ्यावी, जेणेकरून चिकटलेले वेढे सुटतील. कॅसेटची लेखनप्रतिबंधक कळ आधीच मोडून टाकावी. चुकून ध्वनिमुद्रणाचे बटण दाबले गेल्यास होणारी हानी भरून येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ मध्ये झालेली दुरुस्ती महत्त्वाची आहे. अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाजवळ एखाद्या कृतीची अंकीय नसलेली प्रत असल्यास जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविण्याची मुभा कलम ५२(१)(एन) ने दिली आहे. ही मुभा साठवणुकीची आहे, प्रसारणाची नव्हे. शिवाय कलम ३८ अन्वये सादरकर्त्या कलावंतास स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहेत. लोककलावंतांचे चित्रण सर्वांसाठी खुले करावयाचे असल्यास कलावंताची किंवा त्याच्या वारसांची लेखी संमती घेणे उचित होय. आणि अशी संमती मागण्यास जाताना त्या चित्रणाची एक प्रत त्या कुटुंबास देणे, हे कायद्याने बंधनकारक नसले तरी संशोधकाचे कर्तव्य आहे.

नोंदींविना फाईल निरर्थक ठरते. चित्रणाची तारीख, गाव, गायक, चित्रण करणारी व्यक्ती, कॅसेटवरील मूळ मजकूर व यंत्राचा तपशील ही माहिती फाईलसोबत साध्या मजकूर-फाईलमध्ये ठेवावी. निवृत्त सहकाऱ्यांना पडद्यासमोर बसवून चित्रातील माणसे ओळखून घेणे हे काम तर सर्वांत तातडीचे आहे. फीत आणखी काही वर्षे कदाचित टिकेल, परंतु तीतील माणसे ओळखणारे आपल्यात तितका काळ असतीलच असे नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) व्हीएचएस फितींचे जतनयोग्य अंकीकरण महाविद्यालयीन विभागास एकफलकी संगणकावर करता येते. त्यासाठी महागड्या यंत्रसामग्रीपेक्षा सेकंदाला २०.७ मेगाबाइट या दराचे भान अधिक आवश्यक आहे.

(२) कॅप्चर बोर्ड निवडताना आतील चिप व तिच्या ड्रायव्हरची उपलब्धता हा निर्णायक निकष आहे.

(३) बहुसंख्य अपयशांचे मूळ प्रणालीची चुकीची निवड, अपुरा वीजपुरवठा किंवा डिस्कची अयोग्य मांडणी यांत असते. दोष फितीत आहे हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा.

(४) चौकटींची मोजणी व तपासणी-अंक यांविना काम पूर्ण झाले असे मानू नये.

(५) या कामातील खरा खर्च वेळेचा आहे. तीन तासांच्या शंभर कॅसेटींना किमान तीनशे तास लागतात व ते कमी करण्याचा कोणताही मार्ग नाही. दररोज एक कॅसेट या गतीने एका शैक्षणिक वर्षात विभागाचे एक कपाट पूर्ण होऊ शकते.

यास्तव प्रत्येक विभागाने प्रथम आपल्या कपाटातील कॅसेटींची यादी करावी, एकमेव प्रती असलेल्या कॅसेटी वेगळ्या काढाव्यात आणि चालू स्थितीतील व्हीसीआर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून तो आजच मिळवून ठेवावा. संगणक व कॅप्चर बोर्ड उद्याही विकत मिळतील. व्हीसीआरबाबत ती खात्री देता येत नाही.